उपकरणांची सामाईक भाषा

सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडी जंक्शनची आठवण जुन्या प्रवाशांच्या मनात अद्याप ताजी आहे. मुंबईकडून आलेली रुंद मापाची गाडी येथे सोडावयाची, वळकट्या आणि ट्रंका हमालाच्या डोक्यावर द्यावयाच्या आणि पलीकडे उभ्या असलेल्या छोट्या गाडीत जागा धरावयाची, असा शिरस्ता होता. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेने कुर्डुवाडी ते बार्शी हा अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग सुरू केला. पुढे तो एका बाजूस लातूरपर्यंत आणि दुसऱ्या बाजूस पंढरपूरमार्गे मिरजेपर्यंत गेला. मुख्य मार्गाची रुंदी साडेपाच फूट होती. दोन्ही मार्ग आपापल्या जागी उत्तम होते; अरुंद मार्ग तर कमी खर्चात होऊन आडवळणाच्या गावांना रेल्वे देऊन गेला. परंतु या दोन मापांच्या सांध्यावर माणसाला उतरावे लागे आणि पोते उतरवून पुन्हा चढवावे लागे. हा खर्च कोणत्याही एका गाडीचा नव्हता. तो त्या दोन मापांमधील तीन फुटांच्या फरकाचा होता. या शतकाच्या आरंभी टप्प्याटप्प्याने तो सर्व मार्ग रुंद करण्यात आला, तेव्हा कोठे ही उतारपेठ थांबली.

आज गावोगाव अशी नवी जंक्शने तयार होत आहेत. ती डोळ्यांना दिसत नाहीत, इतकेच. पाण्याच्या टाकीतील पातळी मोजणारा संवेदक, मोबाइलवरून चालू-बंद होणारा पंपाचा स्टार्टर, क्लोरीनचे प्रमाण सांगणारे यंत्र, पर्जन्यमापक, पथदिव्यांचे नियंत्रक, विजेचे स्मार्ट मीटर ही सर्व इंटरनेटशी जोडलेली उपकरणे होत. जल जीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाल्यानंतर नळयोजनांवर असे संवेदक बसविण्याचे प्रयोग देशात झाले आणि त्यांत महाराष्ट्रातील गावेही होती. समजा, एखाद्या ग्रामपंचायतीने टाकीवरील संवेदक एका योजनेतून घेतला, पंपाचा स्टार्टर दुसऱ्या निधीतून घेतला आणि क्लोरीनचे यंत्र एखाद्या संस्थेने देणगी म्हणून दिले. तिन्हींचे उत्पादक वेगळे, तिन्हींची मोबाइलवरील ॲप वेगळी. टाकी भरल्याचे संवेदकास कळते, पण पंपास कळत नाही. कारण संवेदक जे बोलतो ते पंपाला समजत नाही. मग पाणीपुरवठा कर्मचारी एका पडद्यावर आकडा वाचतो आणि दुसऱ्या पडद्यावर बोट दाबतो. कुर्डुवाडीच्या हमालाचे काम त्याच्याकडे आले आहे. तो रजेवर गेला की टाकी ओसंडते, आणि लाखाच्या घरातील यंत्रसामग्री जागच्या जागी ठाकठीक असते.

या अडचणीवरील उपाय नवा नाही. सर्वांना ठाऊक असलेली, सर्वांना वापरण्यास मोकळी असलेली भाषा उपकरणांनी बोलावी, एवढाच तो आहे. अशा भाषेस खुले संदेशवहन मानक म्हणतात.

पत्ता, पत्र आणि अर्थ

'खुले' हा शब्द अलीकडे सैल वापरला जातो. विक्रेते तर तो हटकून वापरतात. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले, त्यात या शब्दाला नेमका अर्थ देण्यात आला आहे. मानकाचा मजकूर उपलब्ध असावा, त्यातील पेटंटांपोटी वापरणाऱ्याकडून स्वामित्वशुल्क घेतले जाऊ नये, ते नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थेने सर्व संबंधितांच्या सहभागाने तयार केलेले व सांभाळलेले असावे आणि ते एका विशिष्ट तंत्राशी बांधलेले नसावे, असा त्याचा आशय आहे. थोडक्यात, भाषेचे व्याकरण कोणा एकाच्या कपाटात नसावे.

उपकरणांच्या संभाषणात मात्र तीन गोष्टी एकात एक गुंफलेल्या असतात आणि त्या वेगळ्या काढल्याशिवाय विषय उमगत नाही. टपालाचे उदाहरण घेता येईल. लखोटा मोटारीने जातो की आगगाडीने, ही पहिली गोष्ट. उपकरणांच्या बाबतीत मोबाइलचे जाळे, वाय-फाय किंवा कमी शक्तीच्या रेडिओ लहरी ही ती वाहने होत. पाकिटावर पत्ता कसा लिहावा, ही दुसरी. आणि आतील पत्र कोणत्या भाषेत आहे, ही तिसरी.

पत्त्याचा प्रश्न जगाने पूर्वीच सोडविला. ७ एप्रिल १९६९ रोजी स्टीव्ह क्रॉकर या अमेरिकेतील तरुण विद्यार्थ्याने संगणकांना परस्परांशी जोडण्याविषयीचे पहिले टिपण लिहिले आणि अशा टिपणांच्या मालिकेला 'अभिप्रायार्थ विनंती' असे विनम्र नाव दिले. आज्ञापत्र नव्हे, नियमही नव्हे, अभिप्रायार्थ. याच रीतीने लिहिली गेलेली टीसीपी/आयपी ही नियमावली १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट या जाळ्यावर लागू झाली. त्या नियमावलीचा कागद कोणालाही फुकट वाचता येत होता, म्हणूनच पुढे कोणत्याही देशातील कोणत्याही कारखान्यात तयार झालेला संगणक इंटरनेटवर येऊ शकला.

परंतु लखोटा पोहोचला म्हणजे पत्र समजले असे नव्हे. महाराष्ट्रातील भूमी अभिलेख कार्यालयांत आणि पुराभिलेखागारांत मोडी लिपीतील दप्तरांचे ढीग आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत, शिक्काही स्पष्ट. तरीही वाचक मिळेपर्यंत वारसाचा दावा अडून राहतो. मोडी निदान कोणालाही शिकण्यास मोकळी आहे. बंद प्रोटोकॉलची बाराखडी मात्र उत्पादकाजवळच असते, आणि तो उत्पादक उद्या धंदा बंद करून गेला तर ती बाराखडीही त्याच्याबरोबर जाते.

पत्र वाचता आले तरी एक पायरी उरतेच. संवेदकाने '७२' असा आकडा पाठविला, तर तो बहात्तर सेंटिमीटर की बहात्तर टक्के? ही शंका क्षुल्लक नाही. मंगळाकडे पाठविलेले अमेरिकेचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये नष्ट झाले. एका गटाची आज्ञावली पौंडांच्या हिशेबात आकडे देत होती आणि दुसऱ्या गटाने ते न्यूटनमध्ये आहेत असे धरले होते. आकडा अचूक पोहोचला होता; फक्त एकक बरोबर आले नव्हते.

वीज मीटरचा धडा

या सर्व पायऱ्या आपल्या देशाने एका उपकरणाच्या बाबतीत प्रत्यक्ष चढून पाहिल्या आहेत. ते उपकरण म्हणजे विजेचा मीटर.

चकती फिरणारे जुने मीटर जाऊन इलेक्ट्रॉनिक मीटर आले, तेव्हा वाचनाचे काम सोपे होईल अशी अपेक्षा होती. मीटरला प्रकाशकिरणांवर चालणारी वायर लावावी, हातातील यंत्रात नोंदी उतरवून घ्याव्यात आणि कार्यालयातील संगणकात त्या ओताव्यात, अशी पद्धत होती. पण प्रत्येक उत्पादकाच्या मीटरची भाषा निराळी असल्याने प्रत्येक बनावटीसाठी स्वतंत्र आज्ञावली ठेवावी लागे. वितरण कंपन्या निविदा काढून मीटर घेत. म्हणजे दर खरेदीगणिक नवा उत्पादक आणि नवी भाषा. मध्यंतरी एक तडजोड करण्यात आली. प्रत्येक उत्पादकाने आपल्या मीटरच्या नोंदी एका समान साच्यात बदलून देणारी आज्ञावली पुरवावी, असे ठरले. थोडक्यात, भाषा तशाच ठेवून प्रत्येकाने आपला दुभाषी पाठवावा. दुभाष्याने काम भागते. परंतु मीटरचा नमुना बदलला की दुभाषीही नवा लागतो, आणि तो पुन्हा उत्पादकाकडूनच मागवावा लागतो. गरजवंत कोण आणि वरचढ कोण, हे यात ठरूनच गेलेले असते.

२००८ मध्ये वीज वितरणाच्या सुधारणेचा पुनर्रचित केंद्रीय कार्यक्रम हाती घेण्यात आला. गळती कोठे होते हे शोधण्यासाठी उपकेंद्रापासून रोहित्रापर्यंतचे मीटर दूर अंतरावरून वाचणे त्यात आवश्यक होते. बहुभाषी मीटरांच्या जंजाळात ते अशक्यप्राय होते. तेव्हा जगात अनेक देशांनी स्वीकारलेल्या डीएलएमएस या प्रणालीकडे लक्ष गेले. उपकरणांनी परस्परांशी बोलण्याची ही भाषा आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या ६२०५६ या मानकमालेत नोंदविलेली आहे.

येथे एक महत्त्वाची बाब घडली आणि ती सहसा सांगितली जात नाही. आंतरराष्ट्रीय मानक इतके विस्तृत आहे की दोन उत्पादकांनी त्यातील वेगवेगळे पर्याय निवडले, तर दोघेही मानकाप्रमाणे बरोबर ठरून त्यांचे मीटर एकमेकांच्या यंत्रणेत बसत नाहीत. शब्दकोश एकच, पण एकाने संस्कृत शब्द घ्यावेत व दुसऱ्याने फारसी, असा प्रकार होतो. म्हणून भारतीय मानक ब्यूरोने २०११ मध्ये आयएस १५९५९ हे सोबतीचे मानक काढले. भारतातील मीटरने विस्तृत कोशातील नेमके कोणते शब्द वापरलेच पाहिजेत, कोणत्या नोंदी ठेवल्याच पाहिजेत, हे त्यात निश्चित करण्यात आले. २०१५ मध्ये स्मार्ट मीटरसाठी आयएस १६४४४ आले आणि २०१६ मध्ये १५९५९ चा दुसरा भाग स्मार्ट मीटरच्या भाषेसाठी प्रसिद्ध झाला. मीटर खरोखरच ही भाषा बोलतो किंवा कसे, हे तपासण्याची सोय बंगळूरु येथील केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेत करण्यात आली.

ही भाषा दिसते कशी, हे पाहणे मनोरंजक आहे. प्रत्येक राशीला आकड्यांचा एक सांकेतिक क्रमांक असतो. १-०:१.८.० हा क्रमांक घ्या. पहिला १ म्हणजे वीज. पुढील ० म्हणजे विशेष वाहिनी नाही. नंतरचा १ म्हणजे ग्राहकाने घेतलेली ऊर्जा, ८ म्हणजे मीटर बसविल्यापासूनची बेरीज आणि अखेरचे ० म्हणजे सर्व दरांतील वापर एकत्र. घरातील बिलावर जे युनिटचे वाचन येते, ते हेच. ८ च्या जागी ७ आला की बेरीज नव्हे, तर त्या क्षणाचे मूल्य, असा अर्थ होतो, म्हणून १-०:१२.७.० म्हणजे या घटकेचा विद्युतदाब आणि १-०:१४.७.० म्हणजे या घटकेची वारंवारता. मूल्याबरोबर एककाचाही क्रमांक असतो: ३० म्हणजे वॉट-तास, ३५ म्हणजे व्होल्ट. 'बहात्तर काय?' असे विचारण्याची पाळी येथे येत नाही. शिवाय या पद्धतीत आरंभीचा आकडा ७ असेल तर गॅस आणि ८ असेल तर थंड पाणी, अशीही तरतूद आहे. म्हणजे विजेसाठी शिकलेले व्याकरण नळाच्या मीटरलाही चालावे, अशी दूरदृष्टी मूळ रचनेत आहे.

२०२१ मध्ये केंद्राने सुधारित वितरण क्षेत्र योजना मंजूर केली. त्यात देशात २५ कोटी स्मार्ट मीटरचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. या मीटरांच्या आकारणीविषयी व सक्तीविषयी ग्राहकांत मतभेद आहेत. तो स्वतंत्र विषय होय. भाषेपुरते बोलावयाचे तर एवढ्या प्रचंड संख्येची खरेदी अनेक उत्पादकांकडून करता येणे शक्य झाले, ते २०११ च्या त्या मानकामुळे.

तरीही काम पुरे झाले असे मानणे चूक ठरेल. पत्राची भाषा एक झाली, पण वाहन एक झाले नाही. शेजारशेजारच्या मीटरांनी एकमेकांमार्फत संदेश पुढे ढकलण्याची रेडिओजाळी अनेक ठिकाणी एकेका कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीची असते. अशा जाळ्यात दुसऱ्या कंपनीचा मीटर लावला, तर तो शुद्ध डीएलएमएस बोलत असूनही त्याचे कोणी ऐकत नाही. 'आमचा मीटर खुल्या मानकाचा आहे' हे विधान म्हणूनच अर्धवट असू शकते. कोणता थर खुला आहे, हे विचारले पाहिजे.

टाकीचा अडत्या

पाणीयोजना, हवामान केंद्रे व शेतीतील संवेदक यांच्यासाठी सध्या सर्वाधिक वापरात असलेली खुली पद्धत एमक्यूटीटी ही होय. १९९९ मध्ये आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लन निपर यांनी ती तयार केली. तेलाच्या लांबच लांब नळांवरील दाब व प्रवाह उपग्रहामार्फत कळवावयाचे होते आणि उपग्रहावरील प्रत्येक अक्षराला पैसा मोजावा लागत होता. म्हणून संदेशाचे वेष्टन त्यांनी अवघ्या दोन बाइटांपर्यंत खाली आणले. काटकसरीतून जन्मलेली ही पद्धत दुर्बळ मोबाइल जाळे आणि लहान बॅटरी असलेल्या आपल्या वाडीवस्तीस चपखल बसावी, यात नवल नाही. २०१४ मध्ये ती ओएसिस या मानक संस्थेची झाली आणि २०१६ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

तिची रचना बाजार समितीच्या व्यवहारासारखी आहे. इंग्रजीत मधल्या घटकाला ब्रोकर म्हणतात. आपल्याकडे अडत्या म्हणावे. टाकीवरील संवेदक आपला माल, म्हणजे पातळीचा आकडा, 'गाव/टाकी-१/पातळी' अशा नावाखाली अडत्याकडे ठेवतो. तो आकडा कोण घेणार, याची संवेदकास माहिती नसते आणि गरजही नसते. पंपाचा स्टार्टर, पंचायत कार्यालयातील संगणक, पाणीपुरवठा उपअभियंत्याचा फोन, ज्याने ज्याने त्या नावाची मागणी नोंदविली असेल, त्याला तो आकडा मिळतो. उद्या शाळेला तोच आकडा फळ्यावर लावावयाचा असेल, तर टाकीवर चढून काहीही बदलावे लागत नाही. नवा उत्पादक आला, जुना गेला, तरी नाव तेच राहते.

या पद्धतीत एक सोय फार मार्मिक आहे. जोडणी होतानाच उपकरण अडत्याकडे आपले 'मृत्युपत्र' ठेवू शकते: 'माझा संबंध अचानक तुटला, तर सर्वांना एवढे कळवा.' रात्री वीज जाऊन संवेदक मुका झाला की अडत्या ते मृत्युपत्र जाहीर करतो. यामुळे 'टाकी रिकामी आहे' आणि 'टाकीची खबरच नाही' या दोन निराळ्या गोष्टींची गल्लत टळते. पाणीपुरवठ्यात ही गल्लत पंप जाळू शकते, हे सांगावयास नको.

परंतु एमक्यूटीटी हे केवळ पाकीट आहे. आत काय लिहावे, यावर तिचे बंधन नाही. दोन उत्पादकांनी तीच पद्धत वापरून आत वेगवेगळ्या लिप्यांतील पत्रे घातली, तर पुन्हा मोडीचा प्रश्न उभा राहतो. यासाठी नाव, एकक, मूल्य आणि वेळ एका ठरावीक साच्यात लिहिण्याची सेनएमएल ही रीत इंटरनेटच्या मानक संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केली आहे. निविदेत केवळ 'एमक्यूटीटी असावे' असे लिहून थांबणाऱ्यांनी हा फरक ध्यानी ठेवावा.

घरगुती उपकरणांच्या क्षेत्रातही हालचाल झाली आहे. दिवे, कुलुपे, पंखे यांसाठी अनेक प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून 'मॅटर' हे सामाईक मानक ऑक्टोबर २०२२ मध्ये आणले. एका घरात चार कंपन्यांची चार ॲप ठेवण्यास ग्राहक कंटाळला होता, हे त्यामागील साधे कारण. याच क्षेत्रातील रिव्हॉल्व्ह नावाच्या यंत्राची कथा बोधप्रद आहे. घरातील दिवे व उपकरणे यांचा मेळ घालणारे हे यंत्र अमेरिकेत सुमारे तीनशे डॉलरला विकले गेले. २०१४ मध्ये ती कंपनी नेस्टने घेतली आणि मे २०१६ मध्ये यंत्रामागील सेवा बंद केली. यंत्र मोडले नव्हते, पैसे पूर्ण चुकते झाले होते. पण दूरच्या संगणकाने उत्तर देणे थांबविताच ते निकामी डबा होऊन बसले. एखाद्या घरमालकाला हा तोटा सोसवेल. नळयोजनेच्या नियंत्रकाबाबत तो कोणी सोसावा?

खुली भाषा, बंद कुलूप

भाषा सर्वांना ठाऊक असेल तर गावाचा पंप कोणीही चालू करू शकेल, अशी भीती अनेक पदाधिकारी बोलून दाखवितात. भीती स्वाभाविक आहे, पण ती दोन गोष्टींची गल्लत करते. १८८३ मध्येच ऑगुस्त केर्कहॉफ्स या भाषाशास्त्रज्ञाने गुप्तलेखनाविषयी एक तत्त्व मांडले होते: रचना शत्रूच्या हाती पडली तरी चालावे, गुपित फक्त किल्लीत असावे. कुलपाचे चित्र पाठ्यपुस्तकात छापलेले असते, म्हणून कोणी घर उघडे राहिले असे म्हणत नाही. स्मार्ट मीटरमधील संदेश ज्या एईएस पद्धतीने कुलूपबंद होतात, ती पद्धतही उघड स्पर्धेतून, जगभरच्या तज्ज्ञांनी तपासून २००१ मध्ये निश्चित झालेली आहे.

खरी हानी किल्लीच्या हेळसांडीतून होते. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या विघातक आज्ञावलीने जगभरातील लक्षावधी कॅमेरे व ध्वनिचित्र नोंदयंत्रे ताब्यात घेतली. तिचे हत्यार काय होते? कारखान्यातून येताना घातलेल्या साठएक नाव-पासवर्डांच्या जोड्या, ज्या बदलण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते. त्या उपकरणांच्या भडिमाराने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील अनेक प्रमुख संकेतस्थळे काही तास बंद पडली. आपल्या दूरसंचार विभागाच्या अभियांत्रिकी केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये ग्राहकोपयोगी जोडलेल्या उपकरणांसाठी जी आचारसंहिता काढली, तिचे पहिलेच कलम सर्व यंत्रांना एकच पासवर्ड असू नये, हे आहे.

किल्लीचा दुसराही एक पैलू आहे, आणि सार्वजनिक मालमत्तेच्या दृष्टीने तो अधिक बिकट आहे. भाषा खुली, थर सर्व खुले, चाचणीचा दाखला जोडलेला. पण किल्ल्या मात्र ठेकेदाराच्या संगणकात. देखभालीची मुदत संपली, ठेकेदार बदलला, जुन्याने किल्ल्या दिल्या नाहीत, तर खुल्या मानकाचे यंत्रही बंद यंत्राइतकेच परके होते. करारात किल्ल्यांच्या हस्तांतरणाचा परिच्छेद नसणे, ही तांत्रिक नव्हे, कारकुनी चूक आहे. परंतु तिची किंमत संपूर्ण यंत्रसामग्रीइतकी असते.

कागदावरील मानक

मानक लिहिले म्हणजे ते अमलात आले, असे समजण्याचा मोह प्रशासनाला नेहमीच होतो. ७ फेब्रुवारी १९०४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात मोठी आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क येथून बंब धावून आले. पण त्यांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या पाण्याच्या तोट्यांना बसेनात. तीस तास आग चालली आणि पंधराशेहून अधिक इमारती गेल्या. पुढच्याच वर्षी अडीच इंची जोडाचे राष्ट्रीय मानक ठरले. आता ऑक्टोबर १९९१ कडे यावे. कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा पसरला, शेजारच्या गावांचे बंब आले आणि ओकलंडच्या तोट्यांचा जोड तीन इंची असल्याचे आढळले. त्या वणव्यात २५ माणसे दगावली. मानक ठरून ८६ वर्षे झाली होती.

तोट्या बदलण्यास खर्च येतो, आग रोज लागत नाही, आणि आपल्या शहराच्या बंबांना आपल्या तोट्या बसतातच. मग बदल कशासाठी? जोडलेल्या उपकरणांबाबतही नेमकी हीच मनोवृत्ती आढळते. पहिला उत्पादक आहे, तोवर सर्व सुरळीत असते. दुसऱ्याची गरज भासते त्या दिवशी सांधा जुळत नसल्याचे उघड होते, आणि तो दिवस बहुधा टंचाईचा असतो.

म्हणून पाहणीचा क्षण खरेदीपूर्वीचा असावा, आणि पाहणी बोलण्यावर नव्हे, प्रत्यक्षावर असावी. विक्रेत्याने माहितीपत्रकात दहा मानकांची नावे छापलेली असतात. त्याला विचारावे की यांपैकी कोणत्या मानकाची, कोणत्या आवृत्तीची चाचणी कोणत्या प्रयोगशाळेत झाली आणि तिचा अहवाल कोठे आहे. दुसऱ्या उत्पादकाचे एक यंत्र समोर ठेवून दोन्हींचा संवाद करून दाखविण्यास सांगावे. या एका मागणीने अनेक दावे गळून पडतात. इंटरनेट आठ दिवस बंद राहिले, किंवा कंपनीचा दूरचा संगणक कायमचा बंद पडला, तर टाकी आणि पंप गावातल्या गावात एकमेकांशी बोलतील काय, हेही विचारावे. साठलेल्या नोंदी सर्वसाधारण तक्त्याच्या रूपात काढून घेता येतात काय, हा प्रश्न विसरू नये; पाच वर्षांच्या पाणीपातळीच्या नोंदी हे यंत्रापेक्षाही मोलाचे धन असते आणि यंत्र बदलले तरी ते गावातच राहिले पाहिजे.

खुल्या मानकाचे यंत्र प्रारंभी काहीसे महाग पडू शकते, हे मान्य केले पाहिजे. बंद यंत्र अनेकदा स्वस्तात, प्रसंगी फुकट देण्यात येते. त्याची किंमत पुढे सुट्या भागांच्या आणि वार्षिक शुल्काच्या रूपाने वसूल होते, कारण तोवर दुसरीकडे जाण्याची वाट उरलेली नसते. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याच्या रूढ पद्धतीत हा पुढील खर्च दिसत नाही. निविदेच्या अटींतच मानकाचे नाव आले, तरच तुलना बरोबरीची होते.

शिक्षकांना या विषयात करण्याजोगे पुष्कळ आहे. एमक्यूटीटीचा 'मॉस्किट्टो' नावाचा अडत्या कोणत्याही साध्या संगणकावर विनामूल्य बसविता येतो आणि काही शे रुपयांत मिळणारे सूक्ष्मनियंत्रक ती भाषा बोलतात. ज्या शाळांत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा आहेत, तेथे पाण्याच्या बादलीतील पातळी वर्गातील फळ्याशेजारच्या पडद्यावर आणणे, हा एका आठवड्याचा उपक्रम होतो. मुलांनी आपल्या बनविलेल्या यंत्राचा आकडा शेजारच्या शाळेच्या यंत्राला वाचून दाखविण्याचा प्रयत्न करावा. पहिल्या दिवशी तो बहुधा फसतो, कारण एका शाळेने सेंटिमीटर धरलेले असतात आणि दुसरीने टक्के. मानक म्हणजे काय, हे त्या दिवशी मुलांना पुस्तकाविना कळते.

ग्रामपंचायतीत यंत्र आले की जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्याचे नाव, नग आणि किंमत लिहिली जाते. जोडलेल्या उपकरणासमोर आणखी चार शब्द लिहिण्यास त्या रकान्यात जागा असते: कोणती भाषा, कोणती आवृत्ती, नोंदी कोणाच्या संगणकात साठतात आणि किल्ल्या कोणाच्या ताब्यात. किल्ल्यांचा मजकूर अर्थातच नोंदवहीत लिहावयाचा नाही. तो मोहोरबंद लखोट्यात, कार्यालयाच्या तिजोरीत. ग्रामपंचायत अधिकाऱ्याची बदली झाली की कार्यभाराच्या यादीत तो लखोटा इतर कागदपत्रांप्रमाणे मोजून द्यावा आणि येणाऱ्याने पोच लिहून घ्यावा.